कंपवात आणि घरचं माणूस

पार्किन्सन्सच्या आजाराचा इतिहास सांगताना सगळे १८१७ सालापासून सुरुवात करतात. मीही तिथूनच करते, पण मला सांगायचं आहे ते एका वेगळ्याच माणसाबद्दल.

लंडनच्या हॉक्स्टन भागात जेम्स पार्किन्सन नावाचे डॉक्टर होते. जन्म ११ एप्रिल १७५५ चा. वडीलही त्याच वस्तीत डॉक्टरकी करायचे. पार्किन्सन गरिबांच्या बाजूने टोपणनावाने पत्रकं लिहायचे, जमिनीतले जीवाश्म गोळा करायचे, त्यावर त्यांनी तीन खंडांचा ग्रंथही लिहिला. १८१७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी ६६ पानांची एक छोटी पुस्तिका काढली. विषय होता 'थरथरणारा पक्षाघात'. त्यात सहाच रुग्णांची हकिगत आहे. एक माळी, एक खलाशी, एक न्यायाधीशाच्या कचेरीत नोकरी केलेला. दोघे तर त्यांना रस्त्यात सहज भेटलेले. आणि पाचवा जो आहे, त्याला त्यांनी फक्त लांबून पाहिलं होतं.

हे पाचवे गृहस्थ उभे आहेत. त्यांच्या पुढ्यात एक माणूस उभा आहे, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर. गृहस्थ हळूहळू मागेपुढे झुलतात, तोल सापडला की खूण करतात आणि धावत सुटतात. चालणं त्यांना जमत नाही, धावणंच जमतं. तो समोरचा माणूस चटकन बाजूला होतो आणि त्यांच्या पुढे पळतो, कारण वीसेक पावलांवर ते पडणार, तेव्हा झेलायला कुणीतरी हवं.

पुस्तिकेत या माणसाबद्दल एवढंच आहे. नाव नाही, वय नाही. पगारी नोकर होता की घरातला कुणी, तेही नाही. पण मी ती हकिगत वाचली तेव्हा माझं लक्ष आजारी गृहस्थांकडे गेलंच नाही, याच्याकडे गेलं. केव्हा हात सोडायचा, केव्हा पळायचं आणि कितव्या पावलाला झेलायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं. डॉक्टरांनी लांबून जे एकदा पाहिलं, ते हा रोज जगत होता. या आजाराच्या पहिल्याच पुस्तकात सांभाळणारं माणूस हजर आहे, आणि तिथूनच ते बिननावाचं आहे.

मी स्वतः बारा वर्षं हेच काम करते आहे. म्हणून हा इतिहास मला घरच्या माणसाच्या बाजूने सांगावासा वाटतो.

आम्ही मूळचे परभणीकडचे. सासरे निझामाच्या काळात नोकरीसाठी हैदराबादला आले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पण सासऱ्यांचं बिऱ्हाड इथेच राहिलं. मी लग्न होऊन आले ती थेट चिक्कडपल्लीत. नारायणगुडा आणि आरटीसी क्रॉस रोड यांच्या मधली ही वस्ती. एका बाजूला सिटी सेंट्रल लायब्ररी, त्यागराय गान सभा, भाजीबाजार, आणि क्रॉस रोडला ओळीने सिनेमा थिएटरं. घरात मराठी, दारात तेलुगू, ऑटोवाल्याशी दखनी हिंदी, अशी आमची तीन भाषांची भेळ.

सासूबाई सांगायच्या की गावाकडे त्यांच्या मोठ्या दिरांचे हात असेच कापायचे. चालताना पुढे वाकलेले, चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. लोक म्हणायचे, वात झालाय, म्हातारपण आहे. थोरल्या जाऊबाई त्यांना पेज भरवायच्या, अंगरख्याच्या गाठी बांधायच्या, रात्री कूस बदलून द्यायच्या. किती वर्षं, ते कुणी मोजलं नाही. त्या आजाराला घरात कुणी नाव दिलं नाही, मग जाऊबाईंच्या कामाला कोण देणार?

आजाराला नाव मिळायलाही युरोपात पन्नास-साठ वर्षं गेलीच. पॅरिसमध्ये साल्पेत्रिएर नावाचं प्रचंड मोठं रुग्णालय होतं, हजारो गरीब, म्हाताऱ्या, निराधार बायका तिथे राहायच्या. झां-मार्तँ शार्को हे तिथले नामांकित डॉक्टर. त्यांना या बायका वर्षानुवर्षं पाहायला मिळाल्या. सगळ्यांचे हात थरथरतातच असं नाही, आणि अंगातली ताकदही काही पक्षाघातासारखी जात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून 'थरथरणारा पक्षाघात' हे नाव त्यांना पटेना. त्यांनीच या आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं. शार्कोंना असंही दिसलं होतं की आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर काही रुग्णांना बरं वाटतं. मग त्यांनी हादरणारी खुर्ची तयार करून घेतली. आज ऐकताना हसू येतं, पण औषध नसताना माणूस काय काय करून बघतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे. आम्ही काय कमी तेलं चोळली?

आता औषधाची गोष्ट. ती मला फार जवळची वाटते, कारण तिची दोन टोकं आपल्या देशात आहेत.

रानात खाजकुइली होते. शेंगांवर कुसळं असतात, अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो. तेलुगूत तिला दूलगोंडी म्हणतात. आयुर्वेदात ती कपिकच्छू म्हणून पूर्वीपासून आहे. १९३७ साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी या दोन शास्त्रज्ञांनी तिच्या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळं काढून दाखवलं. पार्किन्सन्समध्ये त्याचा उपयोग होईल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दुसरी वनस्पती सर्पगंधा. तिच्यातून निघालेलं रेसर्पिन रक्तदाबासाठी वापरलं जाई. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिलं. ससे निपचित पडले, कान लोंबले, हालचाल बंद. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं आणि थोड्या वेळात ते पुन्हा हिंडू लागले. आपल्यासारख्या घरात वाढलेल्या बाईला त्या सशांसाठी वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. आणि त्याच ज्ञानातून निघालेली गोळी मी रोज सकाळी नवऱ्याच्या हातावर ठेवते, हेही खरंच. दोन्ही गोष्टी मनात बाळगूनच मी जगते.

१९६० साली व्हिएन्नात मृत रुग्णांचे मेंदू तपासले गेले, तेव्हा डोपामीन नावाचं रसायन त्यांत फार कमी झालेलं आढळलं. शरीराच्या हालचालींचं वंगणच म्हणा ना ते. दुसऱ्याच वर्षी तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांना लेव्होडोपाची इंजेक्शनं दिली, पण परिणाम थोडाच वेळ टिके. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी ते तोंडाने, अगदी हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत दिलं. वर्षानुवर्षं खुर्चीला खिळलेली माणसं उठून चालू लागली. पुढे त्यात कार्बिडोपा मिसळलं गेलं, त्यामुळे कमी औषध पुरू लागलं आणि मळमळही कमी झाली. सिंडोपा म्हणून आपल्याकडे मिळते ती याच जोडीची गोळी. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

इथवर सगळ्या पुस्तकांत असतं. पण या गोळीने घरात काय बदललं, ते पुस्तकांत फारसं येत नाही.

गोळी येण्याआधी सांभाळणाऱ्याचं काम म्हणजे उचलणं, भरवणं, झेलणं. थोरल्या जाऊबाई तेच करत होत्या. गोळी आली आणि माणूस चालू लागला, बोलू लागला, वर्षं चांगली जाऊ लागली. पण काही वर्षांनी गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत पुरत नाही. मग दिवसाचे तुकडे पडतात. एक तास माणूस ठीक, पुढचा तास लाकडाचा ओंडका. कधी औषध जास्त झालं की अंग आपोआप वळवळतं. डॉक्टर मात्रा ठरवतात, पण ती ठरवायला त्यांना कळावं लागतं की किती वाजता दिली, किती वाजता लागू झाली, किती वाजता उतरली. दवाखान्यात दहा मिनिटांत हे दिसत नाही. ते घरच्यांनी लिहून न्यावं लागतं. म्हणजे १९६७ नंतर या आजाराचं घड्याळ घरातल्या बाईच्या हाती आलं, आणि ती नकळत निम्मी कंपाउंडर झाली.

माझ्याकडे शंभर पानी वह्या आहेत, आता त्यांचा गठ्ठा झालाय. सकाळी सहा, साडेनऊ, एक, साडेचार, आठ. समोर खुणा: 'चालले', 'अडकले', 'अंग हललं'. सुरुवातीला डॉक्टरांनी वही बघितली आणि म्हणाले, अम्मा, पुढच्या वेळीही हीच आणा. त्या दिवसापासून एकही दिवस वही चुकवली नाही.

आपल्या स्वयंपाकाचाही यात संबंध येतो, आणि तो आपल्या बायकांनी समजून घ्यायला हवा. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना प्रथिनांच्या रेणूंशी एकाच दारातून शिरायला धडपडते. वरण, दूध, पनीर यांच्याबरोबर गोळी घेतली तर काही जणांना ती लागूच होत नाही. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-एक तास, नुसत्या पाण्याबरोबर. आमच्याकडे सकाळी दुधाचा पेला आणि गोळी एकत्र जायची, ती वेळ बदलली आणि अकरा वाजेपर्यंतचा ताठरपणा बराच कमी झाला. डाळ बंद करायची नाही, शरीराला ती हवीच, फक्त गोळीपासून लांब ठेवायची. कुणाला किती लांब, ते आपल्या डॉक्टरांना विचारून.

आणि आपलं सूर्यास्तापूर्वीचं जेवण? हैदराबादला डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सासूबाई असताना सव्वापाचला ताटं वाढली जायची, ह्यांना त्याचा कंटाळा यायचा. आता आठची गोळी जेवणापासून चांगली अडीच तास दूर पडते. रात्री पाण्याबरोबर औषध घ्यायचं की नाही, हा प्रश्न मात्र अनेक घरांत येतो. ज्यांचा नियम कडक आहे त्यांनी गोळी परस्पर बंद करू नये. लेव्होडोपा एकदम थांबवली तर ताप, ताठरपणा, बेशुद्धी इथपर्यंत जीवावर बेतू शकतं. नियमात आजारपणाची सवलत असते, ती आपल्या गुरुजनांना विचारून घ्यावी आणि वेळांची मांडणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. खाजकुइलीच्या पावडरीबद्दलही तेच. तिच्यातही लेव्होडोपाच आहे, 'झाडपाला आहे, काय होतंय' म्हणून गोळीवर ती चढवायची नाही.

घरातल्या माणसाला कळणाऱ्या गोष्टींची एक रात्रीची बाजूही आहे. निदानाच्या कितीतरी वर्षं आधीपासून हे झोपेत ओरडायचे, हातपाय झाडायचे. एकदा मला कानाखाली बसली. मी थट्टेवारी नेलं, सकाळी सगळ्यांना सांगून हसवलं. १९८६ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी या झोपेच्या विकाराचं नीट वर्णन केलं, आणि पुढे दिसून आलं की असे कितीतरी लोक काही वर्षांनी पार्किन्सन्सकडे जातात. झोपलेल्या माणसाला स्वतःचं झोपेतलं वागणं कुठून कळणार? ते सांगणार शेजारी झोपलेलं माणूस. कोण कोण बायकांनी आपले काळेनिळे दंड डॉक्टरांना दाखवले असतील, तेव्हा हे ज्ञान जमा झालं. वास न येणं, बद्धकोष्ठ, अक्षर बारीक होत जाणं, हीही अशीच आधीची लक्षणं, आणि घरातच ती आधी दिसतात.

अक्षराचं तर सांगायलाच नको. ह्यांची सही मुंगीएवढी झाली. एका बँकेने चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. मी ह्यांना घेऊन गेले, तर काउंटरवरच्या मुलाने ह्यांच्याशी न बोलता मलाच विचारलं, सर को सुनाई देता क्या? ह्यांना सगळं ऐकू येत होतं. चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत म्हणून लोकांना वाटतं माणूस रागावलाय, नाहीतर बहिरा आहे, नाहीतर वेडसर. नातेवाईकही म्हणतात, तोंड का पाडून बसलेत? आतून हसतात हो ते. मला दिसतं, कारण मी डोळे बघते.

पाय जमिनीला चिकटतात, विशेषतः दाराशी. त्याला ढकललं की माणूस पडतं. समोर एखादी रेघ असली, ताल असला, तर पाय उचलतो. डॉक्टरांना हे फार आधीपासून माहीत आहे, मला मात्र शेजारच्या अक्कांच्या मुग्गूने शिकवलं. त्या रोज पहाटे फाटकापाशी पांढऱ्या पिठाची रांगोळी काढतात. ह्यांचं पाऊल उंबऱ्यावर अडायचं आणि रांगोळीच्या रेघांवरून मात्र सहज पुढे जायचं. मग मी घरात बेडरूमच्या दाराशी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, हातभर अंतरावर एक. न्हाणीघरात दांड्या, बसायला स्टूल, पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक, पलंगावर गुळगुळीत चादर म्हणजे कूस बदलणं सोपं. चालताना मी 'एक-दोन, एक-दोन' म्हणते. गल्लीतली पोरं आम्हाला परेडवाले म्हणतात. म्हणेनात.

एवढं सगळं करताना मला नेहमी सुनीताबाई आठवतात. पु. ल. देशपांडे यांना अखेरच्या वर्षांत पार्किन्सन्स होता, हे आपल्याला माहीत आहे. सगळ्या महाराष्ट्राला ज्याने हसवलं, ज्याची बोटं पेटीवर फिरायची, त्या माणसाला हा आजार. १९९६ साली त्यांना महाराष्ट्रभूषण मिळालं तेव्हा त्यांचं भाषण सुनीताबाईंनी वाचून दाखवलं. सभागृहात बसलेल्यांना शब्द पु. लं.चे ऐकू आले, आवाज सुनीताबाईंचा. हा आजार आवाज खालावतो, आणि मग घरचं माणूस आवाज होतं. १२ जून २००० ला पु. ल. गेले. १२ जून १९४६ हा त्यांच्या लग्नाचा दिवस. म्हणजे बरोबर चोपन्न वर्षं.

सुनीताबाईंनी स्वतःचं आयुष्य 'आहे मनोहर तरी'मध्ये लिहिलं, पण ते पुस्तक १९९० चं. अखेरच्या दहा वर्षांची सोबत त्यात येणंच शक्य नव्हतं. एवढ्या धारदार लेखणीच्या बाईने गोळ्यांच्या वेळा, रात्रीची जागरणं, भेटीला येणाऱ्यांची रांग यावर पुस्तक लिहिलं असतं, तर आज आपल्या हातात केवढी शिदोरी असती. त्याच १९९६ च्या जुलैत अटलांटा ऑलिंपिकची ज्योत थरथरत्या हाताने मुहम्मद अलींनी पेटवली, ते दृश्य जगाने पाहिलं. अलींची पत्नी लॉनी पुढे सांभाळणाऱ्यांच्या वतीने जाहीरपणे बोलू लागल्या. पण ती ज्योत आठवणाऱ्या किती जणांना लॉनींचं नाव ठाऊक आहे?

आपल्या धर्मात तरी सेवेला फार वरची जागा आहे. आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य आहे, प्रायश्चित्त, स्वाध्याय, ध्यान यांच्या रांगेत. ज्यांची सेवा करायची त्या दहांच्या यादीत 'ग्लान' म्हणजे आजारी साधू येतात. नंदिषेण मुनींची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. निर्विचिकित्सा अंगाची गोष्टही. उद्दायन राजाकडे रोगी मुनीच्या रूपात देव परीक्षा घ्यायला येतो, आहार घेतल्यावर तिथेच ओकतो. राजा किळस न करता स्वतःलाच दोष देत त्यांचं अंग धुतो. कथेत राजाशेजारी राणी प्रभावती उभी असते. ती वांती तिच्याही अंगावर पडते. पण आठ अंगांच्या आठ उदाहरणांची नावं मुलांना पाठ करून घेतो त्यात उद्दायन येतो, प्रभावती येत नाही. अनंतमती आहे, रेवती आहे, म्हणजे बाईला तिथे जागा नाही असंही नाही. मग राणीची का गेली? मला वाटतं, नवऱ्याच्या बाजूला उभं राहून केलेलं काम बायकोचं म्हणून मोजलंच जात नाही.

चातुर्मासात मी प्रवचनाला जाऊ शकत नाही. साडेनऊची गोळी आणि त्यानंतरचा तास मी सोडू शकत नाही. मंदिरात कुणी भेटलं की विचारतात, दिसत नाही हल्ली, धर्म सुटला का? चौक्यात उभं राहून मुनींना आहार देणाऱ्या बाईचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण घरी तीन वेळा घास भरवणारी, ठसका लागू नये म्हणून प्रत्येक घोट मोजणारी बाई फक्त 'कर्तव्य' करत असते. शास्त्रात दिलेली यादी साधूंची आहे, हे मला माहीत आहे. मी तिच्यात नवऱ्याचं नाव घुसवत नाही. पण किळस न येणं, राग आवरणं, आपली झोप मोडून दुसऱ्याला कूस देणं, या गोष्टी संसारातल्या म्हणून हलक्या होतात का? हा प्रश्न मी एका त्यागी माताजींना विचारला होता. त्या म्हणाल्या, भाव बघ, घर बघू नकोस. मला तेवढं पुरलं. समाजाला पुरेल का, हे समाजाने ठरवावं.

कायद्याने मात्र एक गोष्ट केली आहे, आणि ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, यात एकवीस आहेत, आणि त्यात पार्किन्सन्सचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. आजार वाढलेला असेल तर सरकारी वैद्यकीय मंडळाकडून प्रमाणपत्र मिळू शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'सांभाळणारी व्यक्ती' कोण, याची व्याख्याच या कायद्यात केली आहे. आईवडील, घरचे, पैसे घेऊन किंवा न घेता जो कुणी दिव्यांग माणसाला आधार देतो, तो. ज्यांना फार आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याची तरतूद सरकारांनी आपल्या ऐपतीनुसार करावी, असंही त्यात म्हटलंय. 'ऐपतीनुसार' हा शब्द पळवाटेचा आहे, ते कळतं मला. तरी 'पैसे न घेता' करणारी घरची बाई देशाच्या कायद्याच्या पुस्तकात आली.

आपल्या भाषेनेही शब्द दिला आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि घरचे मिळून चालवतात. तिथे 'रुग्ण' म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात. आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. मी हा शब्द पहिल्यांदा फोनवर ऐकला तेव्हा मला कुठल्या तरी देवाचं नाव वाटलं. आता ह्यांना पटलाय. कुणी आलं की पुटपुटत्या आवाजात ओळख करून देतात, या आमच्या शुभंकर. आवाज पोचत नाही, म्हणून मला तेच पुन्हा मोठ्याने सांगावं लागतं, आणि स्वतःच स्वतःची ओळख करून देताना मी लाजते.

आपल्या समाजात अशी घरं आहेत. चिक्कडपल्लीतच मला तीन माहीत आहेत, एका घरात तर सत्तर वर्षांचे आजोबा आजींना सांभाळतात, वेणीसुद्धा घालून देतात. अशा घरी जाताना फळांचा पुडा नेऊ नका, शुगर असते, कापायला वेळ नसतो. आधी फोन करून विचारा, कुठल्या तासात ते ठीक असतात. आजारी माणसाशीच बोला आणि उत्तराची वाट बघा, ते उशिरा येतं पण येतं. 'तुमचं नशीब' असलं काही बोलू नका. त्यापेक्षा सांगा, बुधवारी चार ते सहा मी बसते, तू मंदिरात जाऊन ये, नाहीतर नुसती झोप. महिला मंडळाने आपल्या भिशीच्या वहीत अशा पाळ्यांचं एक पान ठेवलं तर पैसा एक खर्च होणार नाही.

आणि सांभाळणाऱ्या मैत्रिणींनो, गोळ्यांची वही ठेवत नसाल तर आजपासून ठेवा. डॉक्टरांसाठी ठेवाच. पण शेवटच्या दोन ओळी स्वतःबद्दल लिहा: आज किती झोपले, कंबर दुखली का, कुणाशी बोलले का. दोनशे वर्षांत आपल्या बाजूचं फार थोडं लिहिलं गेलंय. पुढच्या बाईला ते लागणार आहे.